मौन आणि अभाव : ‘हॉलो नाइट’मधील अंतिम प्रतिस्पर्ध्याविषयीच्या तर्कांची चिकित्सा

१

एखादी व्यक्ती बोलत नाही, एवढ्यावरून तिला मन नाही असे म्हणता येईल काय? प्रश्न अशा उघड रीतीने विचारला तर त्याचे उत्तर कोणीही नकारार्थीच देईल. परंतु व्यवहारात, आणि कित्येकदा शास्त्रातही, आपण नेमके हेच अनुमान करीत आलो आहोत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काहीशा अनपेक्षित सामग्रीच्या आधारे करावयाचा आहे. ती सामग्री म्हणजे ‘हॉलो नाइट’ हा व्हिडिओ गेम आणि त्यातील अखेरच्या प्रतिस्पर्ध्याविषयी खेळाडूंनी बसविलेले तर्क. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी तास संपल्यावर या तर्कांवर हिरिरीने वाद घालीत असलेले ऐकले, तेव्हा प्रथम मौज वाटली. पुढे लक्षपूर्वक ऐकू लागल्यावर ध्यानात आले की, वादाचा विषय नवा असला तरी वादाची घडण जुनीच आहे. मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ आणि ‘अर्थापत्ति’ या प्रमाणांच्या चर्चेत जे प्रश्न उपस्थित केले, तेच येथे वेगळ्या वेशात वावरत आहेत.

ज्या वाचकांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ज्या खेळात पडद्यावरील आकृतीला फळ्यांवरून, कड्यांवरून, खाचांवरून उड्या मारीत पुढे न्यावयाचे असते, त्यास ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. १९८१ साली आलेला ‘डाँकी काँग’ आणि १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ही या प्रकाराची सर्वपरिचित उदाहरणे होत. अशा खेळाच्या शेवटी एक बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा असतो. त्याला ‘फायनल बॉस’ म्हणतात. रूढ संकेतानुसार तो दुष्ट असतो, गर्जना करतो, आणि त्याला हरविल्यावर खेळाडूच्या मनात विजयाखेरीज दुसरी भावना उरत नाही. आपल्याकडील सोंगी नाटकातील राक्षसासारखे त्याचे काम ठरलेले असते.

‘हॉलो नाइट’ने हा संकेत मोडला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील ‘टीम चेरी’ या लहानशा संस्थेने हा खेळ २०१७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. एरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे त्याचे प्रमुख कर्ते, आणि संगीत ख्रिस्तोफर लार्किन यांचे. या खेळातील अंतिम प्रतिस्पर्धी दुष्ट नाही, दुःखी आहे. त्याच्याशी लढून जिंकलेले खेळाडू आनंदाऐवजी अपराधी भाव घेऊन उठतात, आणि मग त्या दुःखाचे कारण शोधू लागतात. ज्यांना ‘फॅन थिअरी’ म्हणतात त्या तर्कांचा उगम या अस्वस्थतेत आहे.

२

कथाभाग थोडक्यात असा. हॅलोनेस्ट हे कीटकांचे एक भूमिगत राज्य. तेथील राजा, ज्याला खेळात ‘पेल किंग’ म्हटले आहे, त्याने प्रजेला बुद्धी आणि संस्कृती दिली. परंतु त्याच्या उदयामुळे पतंगकुळाची जुनी तेजोदेवता ‘रेडिअन्स’ विस्मृतीत गेली. विस्मृत देवतेने स्वप्नांच्या वाटेने सूड घेतला. प्रजेच्या स्वप्नांत एक नारिंगी प्रकाश शिरू लागला आणि त्याची बाधा झालेले जीव विवेक गमावून हिंस्र बनले. राज्याचे वैभव कायम, पण आतून पोखरण चाललेली, अशी ‘मोठे घर, पोकळ वासा’ या म्हणीची अवस्था झाली.

बाधा मनातून शिरते, तेव्हा जिला मनच नाही अशा देहात ती कोंडावी, अशी राजाने युक्ती काढली. राजा व राणी यांच्या संततीला पाताळातील काळ्या शून्याचा संस्कार देण्यात आला आणि असंख्य ‘पात्रे’ निर्माण झाली. त्यांतील एक निवडण्यात आले व बाकीची त्या गर्तेतच राहिली. निवडलेल्या पात्राकडून राजाची अपेक्षा तीन अभावांची होती: विचार करील असे मन नको, मोडेल अशी इच्छा नको, आणि दुःख सांगेल अशी वाचा नको. हेच ते पोकळ पात्र, म्हणजे ‘हॉलो नाइट’. लुरियन, मोनोमन आणि हेरा या तिघांनी चिरनिद्रा पत्करून त्या निद्रेच्या मुद्रेने काळ्या अंड्याच्या आकाराच्या मंदिरात त्याला बंदिस्त केले. तेजोदेवता त्याच्या आत, आणि ते साखळ्यांनी टांगलेले.

युक्ती फसली. बाधा पुन्हा बाहेर झिरपू लागली. अनेक वर्षांनी गर्तेतून वाचलेले दुसरे एक लहान पात्र या राज्यात परतते. खेळाडू चालवितो ते हेच. ते तिन्ही निद्रितांच्या मुद्रा मोडते, मंदिरात शिरते, साखळ्या तोडते, आणि आपल्याच सख्ख्या भावंडासमोर उभे राहते. म्हणजे जो सामना खेळाच्या संकेताप्रमाणे शत्रूशी व्हावयाचा, तो येथे दोन मुक्या भावंडांत होतो.

३

या सामन्याविषयीचे तर्क पुष्कळ आहेत. त्यांतील किरकोळ भेद सोडून दिले तर चार मते शिल्लक राहतात.

पहिले मत असे की, पात्र खरोखरच पोकळ होते. त्याच्यात काही दोष नव्हता. देवतेचे सामर्थ्यच अधिक पडले. या मताने दुःखाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण दुःख करणारे कोणी तेथे नाहीच.

दुसरे मत असे की, पात्र आरंभी पोकळ होते, पण राजाच्या सहवासात त्याच्यात पितृप्रेम उत्पन्न झाले आणि त्या फटीतून देवतेला वाट मिळाली. यास दोन आधार दिले जातात. एक, राणीचे विधान: त्याच्यात रुजविल्या गेलेल्या एका कल्पनेने ते कलंकित झाले, अशा आशयाचे ती बोलते. दुसरा आधार म्हणजे राजवाड्याच्या स्वप्नातील ‘पाथ ऑफ पेन’ या वाटेच्या अखेरीस दिसणारे दृश्य. ही वाट फिरत्या करवतींनी आणि काट्यांनी भरलेली असून उड्या मारण्याच्या कौशल्याची तेथे कठोर परीक्षा होते. ती पार केल्यावर खेळाडूला बक्षीस म्हणून शस्त्र मिळत नाही. राजा आणि पात्र शेजारी उभे आहेत व क्षणभर एकमेकांकडे पाहतात, एवढेच दिसते.

तिसरे मत यापुढे जाते. त्याच्या मते कोणतेही पात्र कधीच पोकळ नव्हते. पोकळपणा ही राजाची समजूत होती. त्यांना वाचा नव्हती, म्हणून मनही नसावे असे त्याने गृहीत धरले.

चौथे मत सामन्यातील एका घटनेपुरते मर्यादित आहे. लढाई निम्मी होऊन गेल्यावर तो प्रतिस्पर्धी थांबतो, आपले ‘नेल’ हे खिळ्यासारखे शस्त्र उलटे धरतो आणि स्वतःच्याच देहात पुन्हा पुन्हा खुपसतो. त्या वेळी तो अरक्षित असतो व खेळाडूला वार करण्याची संधी मिळते. लार्किन यांचे संगीतही येथे आवेश सोडून विलापाच्या अंगाने जाऊ लागते. या आत्मघाती वारांमागे हेतू आहे, पात्र आपल्या भावंडाला मदत करीत आहे, असे हे मत सांगते.

४

या मतांची परीक्षा करण्यापूर्वी राजाच्या अनुमानाची परीक्षा केली पाहिजे, कारण पहिल्या मताने तेच अनुमान जसेच्या तसे उचलले आहे. एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, असे आपण केव्हा म्हणू शकतो? कुमारिलाच्या परंपरेतील मीमांसकांनी यास दिलेले उत्तर फार मार्मिक आहे. केवळ न दिसणे पुरेसे नाही. ते न दिसणे ‘योग्य’ असले पाहिजे. म्हणजे, वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. भर उजेडात जमिनीवर घट दिसत नसेल, तर घट नाही असे म्हणता येते. काळोखात तो दिसत नसेल, तर त्यावरून घटाविषयी काहीच सांगता येत नाही. यालाच ‘योग्यानुपलब्धि’ म्हणतात.

आता राजाची भूमिका पाहू. मन असते तर ते वाचेतून प्रकट झाले असते, वाचा प्रकट होत नाही, सबब मन नाही, असा त्याचा क्रम आहे. परंतु वाचा नसलेलाच जीव त्याला हवा होता आणि तसाच तो निर्माण केला गेला. जेथे बोलण्याची सोयच नाही तेथे न बोलण्यावरून काही सिद्ध होत नाही. दिवा आपणच मालवावयाचा आणि मग घट दिसत नाही म्हणून घट नाही असा निर्णय द्यावयाचा, असा हा प्रकार झाला. पहिले मत येथे निराधार ठरते. ते खोटे आहे असे नव्हे, पण ज्या आधारावर ते उभे आहे तो आधार अपुरा आहे.

हा दोष कल्पित राजापुरता मर्यादित असता तर त्याचा येथे इतका ऊहापोह केला नसता. विद्यार्थिदशेत बोलींच्या पाहणीसाठी एका खेड्यात गेलो असता, प्रस्तुत लेखकाने एका वृद्ध बाईंना कुटुंबातील व्यक्तींची नावे विचारली. मुलांची, सुनांची, दिरांची नावे त्यांनी भराभर सांगितली. पतीचे नाव विचारताच त्या गप्प झाल्या. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तेव्हा प्रश्नावलीच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असे लिहून पुढचा प्रश्न विचारला. पतीचे नाव घेऊ नये हा संकेत आणि त्या संकेतावर तोड म्हणून निघालेला उखाणा, या दोन्ही गोष्टी घरात लहानपणापासून पाहिल्या होत्या. तरीही हातात प्रश्नावली आल्याबरोबर मौनाचे भाषांतर अज्ञानात झाले. त्या रकान्यात खरे म्हणजे पाहणीतील एक मोलाची नोंद व्हावयाची होती. ती चूक मार्गदर्शकांनी दाखविली तेव्हा वाटलेली लाज आजही आठवते.

शास्त्राच्या इतिहासातील उदाहरण याहून गंभीर आहे. बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद १८८० साली मिलान येथे भरली. तिने शाळांतून हस्तसंकेतांऐवजी मौखिक पद्धतीचाच पुरस्कार केला, आणि पुढे अनेक देशांत मुलांच्या हातांची भाषा शाळेबाहेर घालविण्यात आली. हे संकेत म्हणजे केवळ हावभाव नव्हेत, त्यांना स्वतःची नियमबद्ध रचना आहे, हे विल्यम स्टोको यांनी अमेरिकेतील संकेतभाषेच्या आधारे १९६० साली दाखवून दिले. भाषा तेथे होतीच. पाहणाऱ्यांनी ती केवळ ध्वनीत शोधली, म्हणून ती सापडली नाही.

५

मौनावरून मनाचा अभाव सिद्ध होत नाही हे मान्य केले, तरी त्यावरून मनाचे अस्तित्वही सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मताचे पुरस्कर्ते येथे पुष्कळदा घसरतात. पात्र गप्प आहे, अर्थात त्याच्या पोटात दुःखाचा सागर असला पाहिजे, असे ते म्हणतात. काळोखात घट नाही असे म्हणणे जितके चूक, तितकेच काळोखात घट आहे असे म्हणणेही चूक. तेव्हा पुरावा मौनाबाहेर शोधला पाहिजे. जेथे दोन गोष्टी शक्य होत्या आणि त्यांतील एक घडली, अशी कृती शोधली पाहिजे.

येथे अर्थापत्तीचा उपयोग होतो. तिचे परंपरागत उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरीही धष्टपुष्ट आहे. ही दोन्ही विधाने खरी मानावयाची तर तो रात्री जेवतो अशी कल्पना करणे भाग पडते. या प्रमाणाचे बळ त्या ‘भाग पडण्यात’ आहे. जी कल्पना केल्यावाचून दिसणाऱ्या गोष्टींचा मेळ बसत नाही, ती स्वीकारावी. जी केवळ सुंदर आहे, जिच्यावाचून काही अडत नाही, ती सोडून द्यावी. चाहत्यांचे तर्क निवडण्याला याहून सोपी चाळणी मिळणार नाही.

या चाळणीतून तीन प्रसंग पाहू. पहिला प्रसंग पात्राच्या जन्मस्थानीचा. गर्तेतून वर चढून आलेले पात्र राजाच्या मागे निघाले आहे. त्याच वेळी दुसरे लहान पात्र, म्हणजे पुढे खेळाडू चालवितो ते, कड्याला लोंबकळत आहे. निवडलेले पात्र मागे वळून त्याच्याकडे पाहते, आणि मग निघून जाते. ज्याला मन नाही त्याने वळून पाहण्याचे कारण काय? येथे उत्तर इतकेच देता येईल की, त्याचे लक्ष दुसरीकडे जाऊ शकत होते. लक्ष म्हणजे करुणा नव्हे. निष्कर्ष लहान आहे, परंतु पक्का आहे.

दुसरा प्रसंग राजाच्या आणि पात्राच्या दृष्टिभेटीचा. यावरून पितृप्रेम सिद्ध होते, असे म्हणणारे फार पुढे जातात. दृष्टिभेटीला दोन बाजू आहेत. राणीने उल्लेखिलेली कल्पना कोणती आणि ती कोणी रुजविली, हे खेळात स्पष्ट केलेले नाही. पात्राने राजावर जीव लावला असेल, किंवा राजानेच त्याला पुत्र मानले असेल. दोन्ही कल्पनांनी मेळ बसतो, म्हणून कोणतीही एक भाग पडत नाही. दुसरे मत संभाव्य आहे, सिद्ध नाही.

तिसरा प्रसंग आत्मघाती वारांचा, आणि येथे एक समर्थ प्रतिपक्ष उभा राहतो. देवता त्या देहात कैद आहे. कैद्याला तुरुंग फोडावासा वाटणारच. तेव्हा ते वार पात्राचे नसून देवतेचे आहेत, असे का म्हणू नये? आक्षेप रास्त आहे. लढाईच्या प्रारंभी त्या मुक्या मुखातून जी किंकाळी निघते, ती तरी कोणाची म्हणावी, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. केवळ या एका सामन्याकडे पाहिले तर आक्षेपाचे निरसन होत नाही, असे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

परंतु खेळाचे शेवट एकाहून अधिक आहेत. एका शेवटात त्यांची सावत्र बहीण हॉर्नेट पोकळ पात्राला क्षणभर जखडून धरते, लहान पात्र त्याच्या स्वप्नात शिरते, आणि तेथे देवतेशी प्रत्यक्ष लढाई होते. त्या लढाईच्या अखेरीस शून्यातून एक मोठे काळे रूप वर येते. बहुतेक खेळाडू ते पोकळ पात्राचेच मानतात, आणि त्याचा आकार पाहता ते योग्यही दिसते. ते रूप देवतेला धरून ठेवते, आणि लहान भावंड शेवटचा प्रहार करते. हे रूप पात्राचेच असेल, तर देवतेपासून वेगळी आणि तिच्याविरुद्ध जाणारी इच्छा त्याच्यात होती असे मानावेच लागते. आणि अशी इच्छा एकदा मान्य केली की, देहात खुपसलेल्या शस्त्राचा अर्थही तिच्याच उजेडात लावणे अधिक सयुक्तिक ठरते.

म्हणजे चौथे मत टिकते, पण ते स्वतःच्या बळावर नव्हे. दुसऱ्या शेवटाच्या आधाराने टिकते. तिसऱ्या मताचा अर्धा भाग सिद्ध होतो. निदान या एका पात्राबाबत राजाची समजूत चुकीची होती. ‘सर्व पात्रांना मन होते’ हे त्याचे व्यापक विधान मात्र त्यावरून निघत नाही.

६

आता भाषेविषयी थोडे. हा कथाभाग मराठीत सांगू लागताच मूळ इंग्रजीत न उद्भवणाऱ्या काही गोष्टी समोर येतात. इंग्रजीतील ‘व्हेसल’ या शब्दाला आपल्याकडे ‘पात्र’ हा प्रतिशब्द आहे. हा शब्द भांड्याचा वाचक आहे, तसाच नाटकातील व्यक्तीचाही आहे, आणि विशेषण म्हणून तो योग्यताही दर्शवितो. राजाला भांडे हवे होते. खेळाडूला त्यात नाटकातील व्यक्ती दिसली. आणि ते या कार्यास पात्र होते काय, हा प्रश्न सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

‘पोकळ’ आणि ‘रिकामे’ यांतील भेदही येथे उपयोगी पडतो. रिकामे भांडे पूर्वी भरलेले असू शकते व पुन्हा भरता येते. वेळू पोकळ असतो; पोकळी ही त्याची घडणच असते. राजाला पोकळ वस्तू हवी होती. त्याच्या हाती कदाचित बळाने रिकामा केलेला जीव आला. अशा जीवात काहीतरी पुन्हा साचणे स्वाभाविक होते.

सर्वांत बोधप्रद आहे ते सर्वनाम. खेळाच्या इंग्रजी पाठात या प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख ‘इट’ या सर्वनामाने होतो. इंग्रजीत हे सर्वनाम वस्तूला आणि पशूला लावतात, म्हणून त्यात त्याचे व्यक्तित्व नाकारल्याचा सूर लागतो. मराठीत क्रियापदही लिंगानुसार बदलते, म्हणून कथन करणाराला ‘तो आला’ की ‘ते आले’ याचा निर्णय पहिल्याच वाक्यात करावा लागतो. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात दोन्ही रूपे ऐकू येतात: सामन्याचे वर्णन करताना ‘तो’, आणि जन्माची हकिगत सांगताना ‘ते’. प्रस्तुत लेखातही ‘प्रतिस्पर्धी’ म्हणताना पुल्लिंग व ‘पात्र’ म्हणताना नपुंसकलिंग आले आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. परंतु आपले नपुंसकलिंग केवळ निर्जीवाचे नाही. मूल, बाळ, पोर, लेकरू, पाडस, कोकरू, वासरू हे सारे शब्द त्याच लिंगाचे. ‘ते रडत होते’ असे आपण पाळण्यातल्या जिवाविषयी म्हणतो, आणि त्यात अनादर नसतो. इंग्रजी ‘इट’ने ज्याला वस्तू केले, त्याला मराठी ‘ते’ अनायासे लेकरू करते. अर्थात, व्याकरणाने पुरविलेली ही माया पुरावा म्हणून वापरता येणार नाही. उलट, मराठी भाषक दुसऱ्या मताकडे चटकन झुकत असेल तर त्यात त्याच्या भाषेचा वाटा किती, हे त्याने स्वतःशी तपासून पाहावे.

७

सारांश, या तर्कांपैकी काही टिकतात, काही अर्धवट टिकतात, आणि काही केवळ गोड म्हणून पसंत पडतात. ते वेगळे करण्याची रीत नवी नाही. जेथे बोलणे शक्य नव्हते तेथील मौनावरून कोणताही निर्णय देऊ नये. जेथे निवड शक्य होती तेथील कृतीवरून, आणि मेळ बसण्यास आवश्यक तेवढाच, निर्णय द्यावा. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही रीत प्रश्नावलीबरोबर बाळगावी, अशी सूचना करावीशी वाटते. रकाना कोरा राहिला तर तो कोराच ठेवावा, आणि शेजारी एवढे नोंदवावे की प्रश्न कोणी विचारला, कोणासमोर विचारला, आणि उत्तर देणे त्या व्यक्तीला शक्य होते किंवा नव्हते. त्या वृद्ध बाईंच्या नावापुढे ‘माहीत नाही’ असे लिहिलेला कागद अजून प्रस्तुत लेखकाच्या संग्रही आहे. तो फाडून टाकावा असे अनेकदा वाटले. पण वर्गात दाखविण्यास त्याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.